जिन्याखालचा पाहुणा

आमच्या गारखेड्याच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली आहे. पश्चिमेला मोठी खिडकी, खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा कडुलिंब, आणि वारा असा की चैत्रातसुद्धा पंख्याची आठवण होत नाही. घरातली सगळ्यात चांगली खोली. ती आम्ही शिकायला आलेल्या एका पोराला भाड्यानं दिली आणि तो जिन्याखाली झोपला. एक दिवस नाही, चार वर्षं.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पोराला उकडत असेल. मग वाटलं, वर ढेकूण झाले की काय. गाद्या उन्हात टाकल्या, फवारा मारून घेतला. तरी हा रात्री सतरंजी काखेत मारून खाली हजर. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. सरळ उत्तर मिळेपर्यंत मी पोरांना बसू देत नसे. त्याला जरा मराठी यायला लागल्यावर एके सकाळी जिन्यापाशीच गाठलं आणि विचारलं, "खोलीत काय काटे आहेत का रे?"

"नाही बाई. खोली लई चांगली आहे," तो म्हणाला. "पण खिडकी आहे ना."

तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. येमेनमधल्या एका डोंगराळ गावचा. इथल्या विद्यापीठात शिकायला आला होता, म्हणजे कागदावर तसं होतं. खरं तर तो युद्धातून निसटून आला होता. त्यांच्या गावाला वेढा पडला, तोफा सुरू झाल्या, तेव्हा इमारतीतली सगळी बिऱ्हाडं जिन्यात राहायला आली. जिना पक्का असतो, घर पडलं तरी जिना उभा राहतो, असं त्यानं मला समजावून सांगितलं, इंजिनिअरनं सांगावं तसं. जिन्यातच त्यांनी भाकरी भाजल्या, जिन्यातच त्यानं अभ्यास केला. धाकट्या बहिणीला मात्र जिन्यात झोप लागत नसे. ती खिडकीपाशी झोपायची.

एवढं सांगून तो सतरंजीची घडी घालायला लागला. ढेकणांचा फवारा मारल्याची मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी त्याच्यासाठी शिरा केला.

त्याला पाहुणा हे नाव सासूबाईंनी दिलं. त्याचं खरं नाव त्यांच्या जिभेला पेलत नव्हतं. सासूबाई खुलताबादेकडच्या. आमची शेतीही तिकडंच, डोंगराच्या कुशीत. घर शहरात असलं तरी त्यांची जीभ शेवटपर्यंत गावातच राहिली. हा पोरगा मराठी शिकला तो त्यांच्याकडून. मी त्याला शुद्धलेखनाची वही आणून दिली होती, ती कोरी राहिली, आणि हा उंचापुरा, कुरळ्या केसांचा अरब दारात दूधवाल्याला सांगायचा, "आज नगं, उद्या या." माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीचं त्या क्षणी काय व्हायचं ते माझं मला माहीत.

पुढं दिल्लीहून त्याला निर्वासित असल्याचं कार्ड मिळालं. सासूबाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं.

"काय लिवलंय यात?"

"की मी घरी जाऊ शकत नाही, आजी."

"हे कागदावर लिवावं लागतं व्हय?" असं म्हणून त्यांनी ते कार्ड पदरानं पुसून त्याला परत दिलं.

त्याचे चाळे सांगायचे तर पुष्कळ आहेत. चालताचालता झाडापाशी थांबायचा, पान चुरगाळून हुंगायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. एकदा माझ्या स्कूटरवर मागं बसला होता, तो सिग्नलला उतरून कुणाच्यातरी कुंपणावरची वेल हुंगायला गेला. सिग्नल सुटला, मी निघाले आणि घरापर्यंत एकटीच बडबडत आले.

शहागंजाच्या बाजारात तो मध चाखत हिंडायचा. बाप मधमाश्या पाळणारा होता त्याचा, आजोबाही. दुकानात जायचा, नखावर थेंब घ्यायचा, उजेडात धरायचा, चाटायचा आणि बाटली अदबीनं परत ठेवून म्हणायचा, "भाईजान, ये शक्कर है. अच्छी शक्कर है."

"तू कौन रे बोलनेवाला? नक्को लेना तो नक्को ले!" दुकानदार उखडायचा. पण पुढं तेच दुकानदार नवा माल आला की त्याला हाक मारून नखभर चाखायला द्यायचे. मी बरोबर असले की आपण यातले नाहीच असं दाखवत शेजारच्या दुकानातल्या बांगड्या बघत उभी राहायचे.

आणि ज्वारी. शेतातून पोती आली की ती जिन्यापाशी उतरवायची पद्धत. हा येताजाता थांबायचा, पोत्याचं तोंड सोडायचा, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तसाच बसून राहायचा. पाच मिनिटं, कधी दहा. चेहऱ्यावर असा भाव, की लहान मूल आईच्या पदराखाली झोपलंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडणार होते, हात धुतलेस का म्हणून. सासूबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. वेढ्यात त्यांच्याकडचं पीठ संपलं, मग डाळ संपली, मग आई रिकाम्या पोत्याची शिवण झटकून दाणे वेचायची, हे त्यानं सासूबाईंना सांगितलं होतं. मला नव्हतं सांगितलं.

वरची खोली नाहीतरी रिकामीच, तर मी हळूहळू पोती वर चढवायला लागले. आधी एक, मग चार. मग तुरी, हरभरा, सासूबाईंची गोधड्यांची ट्रंक. चांगली खोली म्हणता म्हणता तिचं कोठार झालं. भाडं देणाऱ्याची खोली आपण बळकावतोय याची टोचणी होती मला, नाही असं नाही. पण तो एका शब्दानं बोलला नाही. कधीमधी फक्त वर जायचा, ज्वारीत हात घालून यायचा.

त्याची पहिली दिवाळी मी विसरणार नाही. नरकचतुर्दशीची पहाट, सासूबाई अंगणात रांगोळीपाशी बसलेल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. हा जिन्याखालून बाणासारखा सुटला, सासूबाईंना उचललं आणि परत जिन्याखाली नेऊन त्यांच्यावर ओणवा झाला. मी किंचाळले, "अरे, त्यांचं कंबरडं मोडेल!"

खालून सासूबाईंचा आवाज आला. अगदी शांत. "दार लोटून घे. अन् चकलीचा डबा आन."

डबा दिला तेव्हा बघितलं. सासूबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत होत्या. "मी बी अशीच बसले व्हते," त्या त्याला सांगत होत्या. "निजामाचं राज जायच्या साली. गावात धामधूम झाली, तवा आईनं मला भिंतीतल्या बळदात टाकलं. वरून ज्वारी ओतली. नाकातोंडात ज्वारी. तरी बसले गप. खा, चकली खा. फुटू दे त्यास्नी किती फुटायचं ते."

तीस वर्षं त्या माझ्या सासू होत्या. बळदाची गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

त्यानंतर दर दिवाळीला ती दोघं जिन्याखाली बसायची आणि मी बाहेरून ताटं सरकवायचे. गेल्या दिवाळीला सासूबाई नव्हत्या. फटाके सुरू झाले आणि तो खुलताबादहून आला. आता तो तिकडंच राहतो, मधाची पोळी सांभाळतो, आवाजाला पूर्वीसारखा दचकत नाही. आला, चपला काढल्या, जिन्याखाली जाऊन बसला. मी चकलीचा डबा घेऊन शेजारी बसले.

पण मला सांगायचं आहे ते बोरीचं.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला आम्ही त्याला शेतावर नेलं. बांधाबांधानं बोरी आहेत तिथं, कुणी लावलेल्या नाहीत, आपोआप आलेल्या. गाडीतून उतरला आणि थबकला. मग तरातरा गेला आणि एका बोरीला मिठी मारली. बोरीला कुणी मिठी मारतं का? हात, गाल, मान, सगळीकडं ओरखडे. रक्त आलं तरी सोडीना. "सिद्र," म्हणाला. मग पान चुरगाळलं, फूल नाकाशी नेलं. बोरीच्या त्या हिरवट, डोळ्यांत न भरणाऱ्या फुलाला वास असतो हे मला साठी आली तरी ठाऊक नव्हतं. "सिद्र नाही," तो म्हणाला. "सिद्रची बहीण आहे."

त्या दुपारी बांधावर बसून त्यानं सासूबाईंना सगळं सांगितलं. सिद्र म्हणजे त्यांच्याकडची बोर. तिच्या मधासाठी त्यांचा मुलूख नावाजलेला. आईनं त्याला गाडीत बसवून दिलं तेव्हा त्यानं शब्द दिला होता: पुढचा सिद्र फुलायच्या आत परत येतो. त्याला दोन बहर उलटून गेले होते. आई फोनवर दुसरं काही बोलत नसे. तब्येत विचारत नसे, अभ्यास विचारत नसे. फक्त "कधी?" म्हणायची. परत जाणं म्हणजे मरण, हे दोघांनाही कळत होतं. पण दिलेला शब्द तसाच उभा होता.

"म्हणून मी पाहुणा," तो म्हणाला. "शब्द दिलेला माणूस दुसरीकडं घर कसं करेल, आजी?"

"मग तिनंच तुला मोकळं केलं पायजे," सासूबाई म्हणाल्या. "फोनवर नाय व्हायचं ते. तिला इथलं काय तरी चाखू दे."

तिथून ते खूळ सुरू झालं. शहरात रस्त्याच्या खोदकामात जुन्या नहरीच्या खापराच्या नळ्या निघाल्या होत्या, पूर्वी ज्यांतून पाणी खेळायचं त्या. फुटक्या म्हणून रस्त्याकडेला टाकलेल्या. ह्यानं त्यातल्या धडक्या निवडून खांद्यावरून घरी आणल्या. त्यांच्याकडं माश्या अशाच मातीच्या नळ्यांत ठेवतात म्हणे. दोन्ही तोंडांना लाकडाच्या चकत्या, वर शेणामातीचा गिलावा, एका बाजूला बोटभर भोक. कुणाच्या भिंतीच्या पोकळीतल्या लहान माश्या त्यानं हातानं ओंजळीत काढून आणल्या, आपण भात घ्यावा तशा. आधी नळ्या गच्चीवर होत्या. माश्या दोनदा उडून गेल्या. "जागा आवडली नाही त्यांना," एवढंच म्हणाला. मग नळ्या शेतावर नेल्या, बोरींच्या मधोमध. तिथं त्या टिकल्या. दुपारी जावं तर हा नळीला कान लावून झोपल्यासारखा पडलेला, आणि आतून तो गुणगुण आवाज, ज्यानं आपलेही डोळे जड व्हावेत.

चौथ्या वर्षी माझ्या हातून ते झालं.

त्याची परीक्षा होती म्हणून मी एकटीच शेतावर गेले होते. आमच्याकडं पोळा झाला की बांधावरच्या बोरी छाटायच्या असतात. काट्या कुंपणाला, पाला शेळ्यांना. वर्षानुवर्षांची पद्धत. बांधाला धनगरमामांचा मेंढ्यांचा वाडा असतो, छाटणी तेच करतात. मला वाटलं, पोराचे हात दरवेळी रक्तबंबाळ होतात, नळ्यांपर्यंत जायला धड वाट नाही. मामांना म्हटलं, "यंदा आधी नळ्यांच्या भोवतीच्या बोरी साफ करा." वर आणखी खुशीत होते, की त्याला केवढं बरं वाटेल!

चार दिवसांनी तो माझ्याबरोबर शेतावर आला. मामांनी त्याच सकाळी छाटणी उरकली होती. बोरी बुडख्यापर्यंत उतरवलेल्या, आणि भरल्या फुलांच्या फांद्या जमिनीवर पसरलेल्या. कळ्या नुकत्या उमलल्या होत्या.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "बाई, बादल्या आहेत?"

बादल्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे, बैलांची दगडी डोण, जे सापडलं ते त्यानं विहिरीच्या पाण्यानं भरलं आणि फांद्या त्यात उभ्या केल्या. हातांची चाळण झाली. संध्याकाळपर्यंत नळ्यांभोवती बादल्यांतलं बोरीचं रान उभं होतं. दुसऱ्या दिवशी माश्या त्यावर आल्यासुद्धा. मी दुरून बघत होते. उन्हं कलती, पाण्यात उभी फुलं, त्यांवर माश्या, आणि तो एकेका डब्यातलं पाणी बदलत फिरतोय. अजूनही डोळे मिटले की ते दिसतं. तिसऱ्या दिवशी फुलं काळवंडली. तरी तो पाणी बदलत होता.

त्याच आठवड्यात त्याच्या आईचं दुखणं वाढल्याची बातमी आली होती. उपचारासाठी मुंबईला आलेलं त्यांच्या गावचं एक कुटुंब कार्तिकात परत जाणार होतं. मध पोचवायचा तर त्यांच्याबरोबर. पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता, आईचाही नव्हता.

सासूबाई घरी माझ्यावर कडाडल्या. "बत्तीस वर्सं पोरांना शिकवलंस ना गं? आधी इचारायचं असतं, येवढं तू नाय शिकलीस!" मी मोरीत जाऊन रडले. त्यांचं खोटं कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडी काढायला लावली, त्यालाही बरोबर घेतलं आणि थेट धनगरमामांच्या वाड्यावर गेल्या. मामांनी सगळं ऐकलं. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"आक्का, कोयता माझाच व्हता," ते म्हणाले. "पर म्हसोबाची बोर मी तोडली नाय. तिला कुनीच हात लावीत नाय."

"एका बोरीवर भागंल का रं?" सासूबाईंनी त्याला विचारलं.

"नाही आजी. पण माशी कोसभर जाते."

मामा उठले, काठी घेतली. "मग कोसभर सांगून येतो."

दोन दिवस ते पायी हिंडले. वाड्यावस्त्यांवर, वाटेतल्या कळपांना, मळ्यांत. बोरी धरेपर्यंत कुणी कोयता लावायचा नाही. लोक कुरकुरले; शेळ्यांना पाला कुठला आणायचा? "बाभळीचा घाला," मामांनी सांगितलं. "त्या पोराच्या शब्दाची गोष्ट हाय. आईला दिलाय त्यानं." आणि लोकांनी ऐकलं. त्या वर्षी आमच्या दरीत कुंपणं उघडी राहिली, रानडुकरांनी कुणाचा मका लोळवला, पण बोरी फुलल्या. संध्याकाळी सगळ्या दरीत तो वास भरून राहायचा, गोडही नाही आणि कडूही नाही असा.

कार्तिकात त्यानं नळी उघडली. धुराची एक फुंकर, शेवटचं पोळं, फडक्यातून पिळून एक बरणी. दाट, गडद. त्यानं नखावर घेतला, चाखला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"वेगळा," म्हणाला, आणि नळ्यांमागं जाऊन बराच वेळ आला नाही.

बरणी गेली. मग वाट बघणं. तो अभ्यासाला बसला की पुस्तकाचं पान तेच असायचं. सासूबाई रोज जेवताना विचारायच्या, "पोचला का रं मध?" शेवटी एका दुपारी, आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो, तेव्हा फोन आला. व्हिडिओचा फोन. तो जिन्याखाली बसला होता. आम्ही दोघी त्याच्या खांद्यामागं.

पडद्यावर एक वाळलेला चेहरा, काळी ओढणी, आणि डोळे हुबेहूब ह्याचे. उशाशी आमची बरणी. तिनं बोट बुडवलं, तोंडात घातलं. डोळे मिटले. किती वेळ! मला वाटलं फोन अडकला. मग ती काहीतरी बोलली.

"आई म्हणते, सिद्र नाही," त्याचा आवाज फुटला. "सिद्रची बहीण आहे."

मग तिनं आणखी काही विचारलं. त्याची मान खाली गेली. सासूबाईंनी त्याला ढोसलं. "काय म्हनती?"

"तू झोपतोस कुठं, विचारते. मी सांगितलं होतं, मोठी खोली आहे, खिडकी आहे. म्हणते, दाखव."

वरती त्याचा पलंगसुद्धा दिसत नव्हता. माझी पोती, माझी ट्रंक. त्या माउलीला वाटेल, माझ्या लेकराला गोदामात ठेवलंय. "दोन मिनिटं थांब म्हणावं, मी आवरते," मी जिन्याकडं धावले. सासूबाईंनी माझा पदर धरला.

"तसंच दाखव रं," त्या त्याला म्हणाल्या. "जा."

तो जिना चढला. आम्ही मागोमाग. दार ढकलून त्यानं फोन खोलीवरून फिरवला. खिडकी, खिडकीतलं ऊन, कडुलिंब. आणि छतापर्यंत पोती. ज्वारी, हरभरा, तूर. एका पोत्याचं तोंड त्यानंच कधीतरी सोडलेलं होतं. त्यात त्यानं हात घातला, कोपरापर्यंत, आणि मूठभर ज्वारी काढून फोनपुढं धरली.

पलीकडून रडणं ऐकू आलं, बारीक, आवरून आवरून. मग ती चार शब्द बोलली आणि फोन बंद झाला.

तो पोत्यावर बसला. ज्वारी हातातच होती.

"काय म्हनाली?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाली..." त्यानं आमच्याकडं बघितलं. हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. "म्हणाली, आता येऊ नकोस."

मी पोती हलवते म्हटलं. तो नको म्हणाला. पोत्यांमधून वाट काढत तो खिडकीजवळच्या पलंगावर गेला, वरची गोधडी बाजूला केली आणि आडवा झाला. क्षणात झोपला. तोंडावर ऊन पडलेलं, एक हात ज्वारीच्या पोत्यावर. चार वाजले, पाच वाजले. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले, खिडकीचा पडदा ओढावा की नाही ते ठरेना.

"चहा ठेवू का?" खाली येऊन मी सासूबाईंना विचारलं. "पाहुण्याला उठवायचं का?"

सासूबाई जिन्याखाली वाकून त्याच्या सतरंजीची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठला पाहुना?"